मंडाले आणि आजूबाजूच्या जुन्या राजधान्या : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मराठी माणसाला मंडाले माहीत असतं ते तुरुंगाचं गाव म्हणून. लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ तिथे होते, 'गीतारहस्य' तिथे लिहिलं गेलं, एवढं शाळेतच कळतं. त्यामुळे म्यानमारला जायचं म्हटलं की आपल्याकडचे बहुतेक जण आधी विचारतात, "टिळकांची कोठडी बघता येते का?" नाही, येत नाही. तो तुरुंग राजवाड्याच्या तटबंदीच्या आत होता आणि त्या आवाराचा बराचसा भाग आज लष्कराच्या ताब्यात आहे. पर्यटकांना पूर्व दरवाजातून आत घेतात, सरळ रस्त्याने राजवाड्यापर्यंत जाऊ देतात आणि त्याच वाटेने परत पाठवतात. कोठडीसाठीच जाणार असाल तर बेत रद्द केलेला बरा.

पण मंडालेत बघण्यासारखं पुष्कळ आहे. इरावतीच्या काठाने वीस-बावीस किलोमीटरच्या पट्ट्यात बर्मी राजांनी एकामागून एक राजधान्या वसवल्या आणि सोडल्या. इनवा (जुन्या पुस्तकांतलं आवा) १३६४ मध्ये, अमरापुरा १७८३ मध्ये आणि शेवटी १८५७ मध्ये मिंडोन राजाने मंडाले. हा सगळा पट्टा मिळून एक सहल होते. ती कशी आखायची आणि लोक कुठे फसतात, ते पायरीपायरीने सांगतो.

१. आधी ठरवा : आत्ता जायचं का?

हा प्रश्न तिकिटाच्या आधी यायला हवा. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, तेव्हापासून देशात यादवी चालू आहे. मंडाले शहर लष्कराच्या ताब्यात आहे आणि रोजचे व्यवहार चालतात, पण नदीपलीकडच्या सगाईंग प्रांतात आणि ईशान्येला शान राज्यात लढाई झालेली आहे, होत असते. त्यातच २८ मार्च २०२५ ला ७.७ रिश्टरचा भूकंप झाला. केंद्र सगाईंग-मंडालेच्या अगदी जवळ होतं. महामुनी मंदिराची मोठी पडझड झाली, राजवाड्याच्या तटाचे भाग कोसळले, इनवातला विटांचा प्रसिद्ध मठ पडला, १९३४ चा जुना आवा पूल नदीत गेला.

म्हणून बुकिंगच्या आधी तीन गोष्टी करा. परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना वाचा. मंडालेत भारताचा वाणिज्य दूतावास आहे आणि यांगूनमध्ये (जुनं रंगून) वकिलात, दोघांचे फोन नंबर कागदावर लिहून घ्या. आणि प्रवास विमा घेताना बारीक अक्षरांतला मजकूर वाचा, कारण बऱ्याच पॉलिसींमध्ये युद्धग्रस्त भागातली हानी वगळलेली असते. एजंट हे आपणहून सांगत नाही. लहान मुलं किंवा हृदयाचा त्रास असलेले आईवडील सोबत असतील तर माझं मत सरळ आहे : सध्या थांबा. तिथल्या रुग्णालयांवर आधीच ताण आहे.

ऋतूचंही आत्ताच बघून टाका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मंडाले कोरड्या पट्ट्यात येतं. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि त्याच महिन्याच्या मध्यावर तिंजान हा पाण्याचा नववर्ष सण असतो. सण बघायला मजा येते, पण तेव्हा दुकानं, कचेऱ्या, वाहनं सगळंच थंडावतं.

२. व्हिसा आणि कागद

भारतीयांना पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो. मी काढला तेव्हा शुल्क ५० डॉलर होतं आणि मुक्काम २८ दिवसांपर्यंत. मंजुरीचं पत्र मेलवर येतं, त्याची छापील प्रत जवळ ठेवायची. मंजुरीनंतर ९० दिवसांच्या आत देशात शिरावं लागतं, त्यामुळे फार आधी अर्ज करून काही फायदा नाही.

सापळा असा : शोध घेतला की सरकारी दिसणारी पण खासगी असलेली संकेतस्थळं वर येतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्यात 'जीओव्ही डॉट एमएम' असतं. ते दिसलं नाही तर पान बंद करा.

सोबत ठेवायचे कागद :

- पासपोर्ट (किमान सहा महिने वैध) आणि त्याच्या दोन झेरॉक्स
- ई-व्हिसाच्या मंजुरीचं पत्र, छापील
- परतीचं तिकीट आणि पहिल्या हॉटेलचं बुकिंग, दोन्ही छापील
- विम्याचा कागद
- पासपोर्ट आकाराचे चार फोटो
- नेहमीची औषधं, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट

छापील यासाठी की वीज आणि इंटरनेट, दोन्हींवर भरवसा ठेवता येत नाही.

आणखी एक, पर्यटनाशी थेट संबंध नसलेलं. थायलंड किंवा म्यानमारमध्ये डेटा एंट्रीची, कॉल सेंटरची भरघोस पगाराची नोकरी कुणी देत असेल आणि 'आधी पर्यटक व्हिसावर या' म्हणत असेल, तर जाऊ नका. थायलंडच्या सीमेलगत म्यावड्डीच्या बाजूला असं फसवून नेलेल्या अनेक भारतीयांना सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपलं गेलं. त्यांना सोडवायला सरकारला विमानं पाठवावी लागली.

३. पोचायचं कसं

मुंबई-पुण्याहून दोन वाटा सोयीच्या : कोलकाता मार्गे यांगून आणि पुढे देशांतर्गत विमान, किंवा बँकॉक मार्गे थेट मंडाले. मी दुसरी सुचवीन, यांगूनचा एक टप्पा वाचतो. वेळापत्रकं वारंवार बदलतात, म्हणून दोन विमानांमध्ये भरपूर वेळ सोडा आणि शक्यतो एकाच तिकिटावर प्रवास करा.

मणिपुरातल्या मोरेहून रस्त्याने जायची कल्पना नकाशावर फार मोहक दिसते. मोटरसायकलवाले मित्र हमखास काढतात. तो रस्ता सगाईंगमधून जातो. नको. यांगूनहून रात्रीची बस आणि रेल्वे, यांनाही सध्या रजा द्या.

विमानतळ शहराच्या दक्षिणेला, सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. हॉटेललाच गाडी पाठवायला सांगा. वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, पण बऱ्याच गाड्यांचं स्टिअरिंगही उजवीकडेच असतं. त्यामुळे ओव्हरटेक करताना चालकाला समोरचं दिसत नाही आणि पुढे बसलेल्याचा जीव खालीवर होतो. मागे बसा. घड्याळ एक तास पुढे करा.

४. पैसे आणि फोन

इथे सर्वांत जास्त लोक अडकतात. आपलं यूपीआय चालत नाही, कार्ड चालेलच असं नाही, एटीएमवर विसंबू नका. सगळ्या सहलीचे पैसे रोख डॉलरमध्ये न्यायचे. आणि नोटा कोऱ्या करकरीत हव्यात : घडी नको, शाईचा ठिपका नको, स्टेपलरचं भोक नको, जुन्या छपाईची तर मुळीच नको. शंभराच्या नोटेला लहान नोटांपेक्षा चांगला भाव मिळतो. मुंबईत पैसे बदलून घेताना काउंटरवरच नोट न नोट बघा, लाज वाटू देऊ नका. पुठ्ठ्याच्या पाकिटात सपाट ठेवा, कमरेच्या पट्ट्यात दुमडून नाही.

स्थानिक चलन च्यात. सरकारी दर आणि बाजारातला दर यांत मोठं अंतर असतं. तरी रस्त्यावर कुणी "चांगला भाव देतो" म्हणाला तर त्याच्यामागे गल्लीत जाऊ नका. हॉटेलवाल्याला अधिकृत दुकान विचारा, दोन दिवसांपुरतेच बदला, नोटा तिथेच मोजा.

फोनसाठी पासपोर्ट दाखवून स्थानिक सिम घ्यावं लागतं. फेसबुक आणि व्हॉट्सअॅप बंद असतात. व्हीपीएनवरही सरकारने बंदी आणली आहे आणि तपासणीत फोन बघितला जाऊ शकतो, म्हणून ते अॅप ठेवून पोलिसांशी वाद ओढवून घेऊ नका. घरच्यांना निघण्याआधीच सांगा की दोन निळ्या खुणा दिसणार नाहीत, मेल बघा. नाहीतर दुसऱ्या दिवशी इकडे सगळ्या नातेवाइकांत फोनाफोनी सुरू होते. ऑफलाइन नकाशेही इथूनच उतरवून न्या.

५. राहायचं कुठे

परदेशी पाहुण्यांना परवाना असलेल्या हॉटेलांतच राहता येतं. ओळखीच्यांच्या घरी राहण्याचा बेत असेल तर सोडा, त्रास तुम्हाला कमी आणि त्यांना जास्त होईल. हॉटेल निवडताना खोलीपेक्षा दोन प्रश्न महत्त्वाचे : जनरेटर किती तास चालतो, आणि भूकंपानंतर इमारतीची तपासणी झाली आहे का. मी तर सरळ कमी मजल्यांची इमारत बघतो. राजवाड्याच्या खंदकाच्या दक्षिणेचा भाग सोयीचा आहे. रस्ते पाटीवरच्या रेघांसारखे आखलेले आणि क्रमांकाने ओळखले जाणारे, त्यामुळे पत्ता सापडायला अडचण येत नाही.

पोचल्याबरोबर विचारून घ्या : रात्री किती वाजेपर्यंत बाहेर राहता येतं? संचारबंदीच्या वेळा बदलत असतात. अंधार पडल्यावर फिरू नये, हा माझा साधा नियम.

६. शहर कसं बघायचं

क्रम महत्त्वाचा आहे, कारण अकरानंतर अनवाणी पायांना फरशी पोळते. मंदिरात चप्पलच काय, मोजेही चालत नाहीत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. तिथली लुंगी, म्हणजे लोंजी, बाजारातून एक घेऊन टाका, सगळा प्रश्न मिटतो.

महामुनीला पहाटे जा. ही बुद्धाची कांस्यमूर्ती १७८४-८५ मध्ये बोदोपया राजाने अराकान (बर्माचा पश्चिम किनारा) जिंकून तिथून आणली. भाविकांनी वर्षानुवर्षं सोन्याचा वर्ख लावल्यामुळे तिच्या अंगावर जाड, गाठाळ थर साठला आहे. चेहरा मात्र गुळगुळीत, कारण तो रोज पहाटे चारच्या सुमारास विधीपूर्वक धुतला जातो. वर्ख फक्त पुरुषांना लावता येतो, बायकांना गाभाऱ्याबाहेर बसावं लागतं. आपल्याकडच्या काही देवळांची आठवण येते आणि तितकाच रागही येतो. भूकंपाने इथे बरंच पडलं आहे, तेव्हा कुठपर्यंत जाऊ देतात ते आदल्या दिवशी विचारा. आवारात ख्मेर काळच्या सहा कांस्यमूर्ती आहेत. कंबोडियातल्या अंगकोरहून थायलंडमधलं अयुथया, तिथून दक्षिण बर्मातलं पेगू, तिथून अराकान आणि मग मंडाले, असा लढाईच्या लुटीतून झालेला त्यांचा प्रवास. दुखणाऱ्या अवयवाची जागा मूर्तीवर चोळली की दुखणं जातं असा समज असल्यामुळे त्यांची गुडघे-पोटं चकाकतात.

त्याच सकाळी श्वेनंदॉ मठ उरका. खरं तर 'उरका' म्हणणं चूक आहे, मंडालेत एकच वास्तू बघायची म्हटली तर मी हीच सांगेन. मूळ राजवाडा सागवानी होता आणि मार्च १९४५ मध्ये दुसऱ्या महायुद्धात जळून गेला. आज आत दिसतो तो १९९० च्या दशकात पुन्हा बांधलेला, काँक्रीट आणि पत्र्याची मदत घेतलेला. ते काम लोकांना सक्तीने राबवून करून घेतल्याच्या तक्रारी तेव्हाच झाल्या होत्या. श्वेनंदॉ मात्र त्या मूळ वाड्यातलंच एक अस्सल दालन आहे. मिंडोन राजा १८७८ मध्ये वारला तो याच दालनात. मुलगा थिबॉ गादीवर आला आणि त्याने हे दालन वाड्यातून उचलून बाहेर नेलं. बापाचं भूत तिथे वावरतं असं त्याला वाटायचं, असं सांगतात. त्या भीतीमुळेच एवढं एक दालन आगीतून वाचलं. दारांवरचं, छतावरचं लाकडी कोरीवकाम बघायला तास कमी पडतो. दुपारच्या झगझगीत उन्हात आतलं काही दिसत नाही, सकाळचं तिरपं ऊन हवं.

तिथून कुथोडॉ स्तूप चालत जाण्याइतका जवळ. मिंडोनने संपूर्ण त्रिपिटक (बौद्धांचे धर्मग्रंथ) ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून घेतलं आणि प्रत्येक शिळेला स्वतंत्र पांढरी देवळी बांधली. शेजारच्या संडामुनीत त्यावरची भाष्यं, आणखी १,७७४ शिळांवर. दोन्ही बघायलाच हवीत असं नाही, कुथोडॉ पुरे.

संध्याकाळी मंडाले टेकडी. उंची सुमारे २४० मीटर, दक्षिणेकडच्या पायऱ्यांनी पाऊण तास. वरपर्यंत गाडीही जाते. चढताना अनवाणी असाल, म्हणून चपला पिशवीत घ्या, खाली सोडल्या तर त्याच वाटेने उतरावं लागतं.

राजवाडा मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. तटाची एकेक बाजू दोन किलोमीटर, भोवती रुंद खंदक. बाहेरून फेरी मारली तरी शहराचा आवाका कळतो. आत जाताना पासपोर्ट लागतो. ठरलेल्या रस्त्यावरून इकडेतिकडे वळू नका आणि सैनिकांचे फोटो काढू नका. इथूनच नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी थिबॉला पदच्युत करून नेलं, मद्रासमार्गे थेट रत्नागिरीला. १९१६ मध्ये तो तिथेच वारला. त्याची राणी सुपयालत पुढे रंगूनला परतली, त्याची समाधी मात्र रत्नागिरीतच आहे. माझा सल्ला : मंडालेच्या आधी रत्नागिरीचा थिबॉ राजवाडा बघून या. १९१० मध्ये बांधून झालेला तो लाल वाडा नीट पाहिलेला असला की इथल्या रिकाम्या सिंहासनाचा अर्थ लागतो. कैद्यांची देवाणघेवाणच होती ती. त्यांचा राजा आपल्या किनाऱ्यावर, आपले टिळक त्यांच्या तटाच्या आत. टिळक तिथे असतानाच १९१२ मध्ये इकडे सत्यभामाबाई गेल्या. पुढे १९२० च्या दशकात सुभाषचंद्र बोसही याच तुरुंगात होते. आत यातल्या कशाचीही पाटी शोधत बसू नका, माहिती घरूनच वाचून या.

तिकिटाचं एक : पुरातत्त्व विभागाचं एकत्रित तिकीट राजवाडा, श्वेनंदॉ आणि इनवातल्या काही ठिकाणी चालतं. दर बदलत असतात. ते फेकू नका, जागोजागी तपासतात.

७. शहराबाहेर

चालकासह गाडी दिवसभरासाठी ठरवा आणि ठिकाणांची यादी व रक्कम आधी कागदावर लिहा. "वाटेत बघू" म्हणालात की गाडी जेडच्या दुकानापाशी थांबलीच म्हणून समजा. हिरवा दगड ओळखता येत नसेल तर पाकीट बंद ठेवा. बुद्धमूर्ती जुनी म्हणून कुणी विकत असेल तर ती खोटी असते, किंवा खरी असेल तर देशाबाहेर नेणं गुन्हा असतो.

*अमरापुरा आणि इनवा* एका दिवसात होतात. आधी इनवा, सकाळी. छोट्या होडीने नदी ओलांडून पलीकडे घोडागाडी करायची. टांगेवाले नेहमीच्या तीन-चार जागा दाखवून आणतात. त्यांत बागाया हा सागवानी मठ सर्वांत सुंदर. बाकी वेळ शेतांमधून, केळीच्या बागांतून विखुरलेल्या विटांच्या पडक्या स्तूपांमध्ये जातो. मला तेच आवडलं. १८३९ च्या भूकंपाने ही राजधानी मोडली होती. पडक्या भिंतींवर चढू नका, २०२५ नंतर त्या आणखी सैल झाल्या आहेत.

दुपार ढळली की अमरापुऱ्याचा उ बेन पूल. तौंतमान तलावावर सुमारे १.२ किलोमीटर लांब, सागवानाचा, १८५० च्या आसपासचा. राजधानी हलली तेव्हा उरलेलं लाकूड वापरून बांधला असं सांगतात. कठडा बऱ्याच ठिकाणी नाही, फोटो काढताना मागे पाऊल टाकू नका. सूर्यास्ताला गर्दी होते. पहाटे गेलात तर भाजी घेऊन जाणाऱ्या बायका, सायकली हातात धरून चालणारे भिक्खू आणि मोकळा पूल मिळतो. मार्च-एप्रिलमध्ये तलाव आटतो आणि खाली शेती दिसते.

जवळच्या महागंधायोन मठात सकाळी सव्वादहाच्या सुमारास शेकडो भिक्खू जेवायला रांगेने येतात आणि समोर पर्यटक कॅमेरे घेऊन उभे असतात. जेवायला निघालेल्या माणसाच्या तोंडासमोर मोबाइल धरणं मला जमलं नाही. तुम्ही तुमचं ठरवा.

*मिंगून* नदीच्या पलीकडे, वरच्या अंगाला. सकाळी होडीने तासाभरात पोचतो, दुपारी परत. बोदोपयाने १७९० मध्ये सुरू केलेला महास्तूप अर्धाही झाला नाही. आज उभा आहे तो पन्नासेक मीटर उंच विटांचा डोंगर, मधून उभी चीर गेलेली. शेजारी १८०८ च्या सुमाराची सुमारे ९० टनांची घंटा आणि लाटांसारखे पांढरे कठडे असलेला सिनब्यूमे स्तूप. जागा अप्रतिम आहे, पण सगाईंग प्रांतात येते. होडी सुटते का हे त्याच सकाळी हॉटेलात आणि धक्क्यावर, दोन्हीकडे विचारा. एकाने जरी नकारार्थी मान हलवली तरी जाऊ नका.

*सगाईंग टेकडी* सध्या यादीतून काढा. *प्यिन उ ल्विन* (इंग्रजांचं मेम्यो) हे सत्तरेक किलोमीटरवरचं थंड हवेचं ठिकाण, पण रस्ता शान राज्याच्या दिशेने जातो, तेव्हा तेही विचारूनच. पुढच्या गोक्तेक रेल्वेपुलाचे व्हिडिओ पाहून भुलू नका, ऑगस्ट २०२५ मध्ये त्याचं स्फोटात नुकसान झालं.

८. शाकाहारींसाठी

उपाशी राहणार नाही, पण सावध राहावं लागतं. 'भाजी' म्हणून आलेल्या पदार्थातही ङापी हा मासळीचा खार आणि सुकी कोळंबी असते. 'थे-था-लू' म्हणजे शाकाहारी. उच्चार चुकतो, म्हणून हॉटेलात कुणाकडून तरी बर्मी अक्षरांत "मासे, कोळंबी, ङापी नको" असं चिठ्ठीवर लिहून घ्या आणि तीच दाखवा. लफे थो, म्हणजे मुरवलेल्या चहापत्तीची कोशिंबीर, चुकवू नका, फक्त कोळंबीशिवाय मागा. शान तोफू सोयाबीनचा नसतो, हरभऱ्याच्या पिठाचा असतो, थेट आपल्या पाटवडीची बहीण. चहाच्या दुकानांत समोसे आणि पराठे मिळतात. मोहिंगा हा न्याहारीचा पदार्थ माशाच्या रश्शातला, तो मांसाहारींनी खावाच. पाणी बाटलीबंद, बर्फ नाही.

९. काही न करण्याच्या गोष्टी

ड्रोन घरी ठेवा. चौक्या, पूल, गणवेशातली माणसं यांचे फोटो नकोत. राजकारणावर स्वतःहून विषय काढू नका. तुम्ही विमानात बसाल, बोलणारा तिथेच राहतो. बुद्धमूर्तीकडे पाय करून बसू नका, मूर्तीला पाठ टेकून सेल्फी तर नकोच. बुद्धाचा टॅटू असेल तर झाका, यावरून पर्यटकांना देशाबाहेर काढल्याची उदाहरणं आहेत.

परतीच्या दिवशी विमानतळाला तीन-चार तास आधी निघा, वाटेत चौक्या लागतात. आणि उरलेले च्यात आदल्या संध्याकाळीच झेग्यो बाजारात खर्चून टाका. देशाबाहेर ते कुणी घेत नाही.